मद्रासचे जुने वेड्यांचे इस्पितळ आणि बरे झालेल्यांचा प्रश्न

चेन्नईतील किल्पॉक येथील सरकारी मानसिक आरोग्य संस्थेचा दर्जा बंगळुरूच्या ‘निम्हान्स’च्या धर्तीवर उंचावण्याचा निर्णय तामिळनाडू सरकारने २०२२ मध्ये जाहीर केला. त्याच सुमारास महाराष्ट्र सरकारनेही ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची नव्याने उभारणी करण्याची योजना पुढे आणली. दोन्ही ठिकाणी चर्चा झाली ती खाटांची संख्या, इमारतींचे मजले, जमीन आणि निधी यांची. बऱ्या झालेल्या रुग्णाने या इमारतीतून बाहेर पडून जायचे कोठे, या प्रश्नाला त्या चर्चेत फारसे स्थान मिळाले नाही.

हा प्रश्न आजचा नाही. चेन्नईच्या संस्थेचे मूळ ज्या इस्पितळात आहे, ते आज अस्तित्वात नाही. मात्र त्याच्या इतिहासाकडे पाहिले, तर इमारत नवी झाली म्हणून व्यवस्था नवी होत नाही, हे स्पष्ट दिसते.

पुरसवाक्कमचे घर

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यचिकित्सक व्हॅलेंटाइन कॉनली यांनी १७९४ मध्ये मद्रासच्या पुरसवाक्कम भागात मनोरुग्णांसाठी एक घर सुरू केले. तेथे १६ रुग्णांची सोय होती. पुरसवाक्कम त्या वेळी शहराच्या कडेला होते. आज चेन्नईचा पसारा श्रीपेरुंबुदूरजवळच्या ओरगडमच्या मोटार कारखान्यांपर्यंत गेला आहे आणि पुरसवाक्कम ही शहराच्या पोटातील गजबजलेली बाजारपेठ आहे. वेड्यांना वस्तीबाहेर ठेवावे, या हेतूने निवडलेल्या बहुतेक जागांचे पुढे हेच झाले.

मुंबईत अशी सोय सुमारे १७४५ पासून होती, कलकत्त्यात १७८७ मध्ये झाली. मद्रासचा क्रम त्यानंतरचा. मात्र मद्रासच्या संस्थेचा धागा तुटला नाही, म्हणून आजच्या किल्पॉकच्या संस्थेचा प्रारंभ १७९४ पासूनच मोजला जातो.

कॉनली यांचे घर आजच्या अर्थाने सरकारी रुग्णालय नव्हते. घर डॉक्टरच्या ताब्यात, रुग्ण कंपनीने पाठवायचे आणि त्यांच्या खर्चापोटी कंपनीने डॉक्टरला रक्कम द्यायची, अशी ती ठेक्याची पद्धत होती. तिच्यातील उणीव उघड आहे. रुग्ण बरा होऊन गेला तर घर चालविणाऱ्याचे उत्पन्न कमी होते. कॉनली यांच्यानंतर मॉरिस फिट्झजेराल्ड आणि त्यांच्यानंतर जेम्स डाल्टन या कंपनीच्याच डॉक्टरांकडे हा कारभार गेला. डाल्टन यांनी १८०७ च्या सुमारास ते घर नव्याने बांधले. रुग्णांची संख्या ५४ वर गेली आणि लोक त्याला डाल्टनचे वेड्यांचे इस्पितळ म्हणू लागले. इस्पितळ मालकाच्या नावाने ओळखले जाते, यातच त्या व्यवस्थेचे स्वरूप आले.

तेथे ठेवलेल्यांत गोरे शिपाई, अधिकारी, खलाशी होते, तसेच देशी माणसेही होती. दोघांच्या वाटा मात्र वेगळ्या होत्या. युरोपीय रुग्णाला शक्य तर जहाजाने मायदेशी पाठविण्यात येई. त्यासाठी कंपनीने लंडनच्या हॅकनी भागातील पेम्ब्रोक हाउस या खासगी संस्थेत १८१८ पासून व्यवस्था केली होती. पुढे १८७० मध्ये ईलिंग येथे खास हिंदुस्थानातून परतणाऱ्यांसाठी इस्पितळ सुरू झाले. ते १८९२ पर्यंत चालले. गोरा मनुष्य वेडा झाल्याचे देशी रयतेला दिसू नये, ही भावनाही त्यामागे होती, असे या काळाच्या अभ्यासकांचे मत आहे. देशी रुग्णासाठी असे दुसरे ठिकाण नव्हते. त्याला घरच्यांनी नेले तर तो जाई, अन्यथा तेथेच राही.

पोलिसांच्या हाताने प्रवेश

१८५८ मध्ये सत्ता कंपनीकडून राणीकडे गेली आणि त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला. ठेक्याची पद्धत मागे पडून सरकारी इस्पितळांची उभारणी सुरू झाली. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे आणि ठाण्याच्या नौपाड्याचे १९०१ चे आहे. मद्रासमध्ये किल्पॉकच्या लोकॉक्स गार्डन्स या सुमारे साडेसहासष्ट एकरांच्या बागेत नवे इस्पितळ बांधण्यात आले. मे १८७१ मध्ये १४५ रुग्णांसह ते सुरू झाले. पुरसवाक्कमच्या इस्पितळाचा अध्याय तेथे संपला.

नव्या इस्पितळाला मोकळी जागा होती, झाडी होती. त्या काळच्या इतर इस्पितळांप्रमाणे काम हाच उपचार अशी कल्पना होती. तथापि, त्याचा प्रवेशमार्ग लक्षात घेण्याजोगा आहे. १८५८ च्या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणूस आत जाई. बाहेर येण्यासाठी मात्र पाहणी करणाऱ्या अभ्यागतांचा आदेश लागे, किंवा नातेवाइकाने हमी लिहून द्यावी लागे. ज्याला नातेवाईकच नाही, किंवा आहे पण तो येत नाही, त्याची सुटका लांबत जाई. १९१२ च्या कायद्यानेही हा साचा मूलतः बदलला नाही आणि तो कायदा १९८७ चा कायदा प्रत्यक्ष लागू होईपर्यंत, म्हणजे १९९३ पर्यंत चालला. दंडाधिकारी, हुकूम, पहारेकरी, हमीपत्र ही सारी शब्दावली तुरुंगाची आहे.

इस्पितळांच्या नावांचा प्रवासही असाच बोलका आहे. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत देशभरच्या अशा संस्थांना ‘मेंटल हॉस्पिटल’ म्हणण्यास सुरुवात झाली. मद्रासचे नाव १९२२ मध्ये बदलले. १९७८ मध्ये ती ‘इन्स्टिट्यूट’ झाली. मराठीतही ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ हा शब्द सरकारी कागदोपत्री रुजला. भाषांतर करणाऱ्याला एक गोष्ट मात्र खटकल्याशिवाय राहत नाही. तामिळ वृत्तपत्रे किल्पॉकच्या संस्थेला आजही सहसा ‘मननल काप्पगम’ म्हणतात. ‘मननल’ म्हणजे मानसिक आरोग्याचे आणि ‘काप्पगम’ म्हणजे जपून, सांभाळून ठेवण्याची जागा. या शब्दात उपचार नाही, सांभाळ आहे. लोकांच्या बोलण्यात तर एवढाही आडपडदा नसतो. मराठी माणूस थट्टेत ‘ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला भरती करा’ म्हणतो, हिंदी भाषक आग्रा किंवा रांचीचे नाव घेतो, तसा चेन्नईकर किल्पॉकचे नाव घेतो. किल्पॉक ही मुळात एका सुखवस्तू वस्तीची ओळख. पण तिचे नाव तामिळ चित्रपटांत विनोदासाठी वर्षानुवर्षे वापरले गेले. ज्यांचे आप्त तेथे होते त्यांनी तो पत्ता कोणाला सांगितला नाही, यात नवल नाही.

दहा हजार खाटांचा देश

स्वातंत्र्यापूर्वी देशातील मनोरुग्णालयांची जी शेवटची मोठी पाहणी झाली, ती रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी केली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात तिचा समावेश आहे. त्या वेळी सुमारे ४० कोटींच्या देशात १९ मनोरुग्णालये आणि दहा हजारांहून किंचित अधिक खाटा होत्या. म्हणजे ढोबळमानाने ४० हजार लोकांमागे एक खाट. बहुतेक इमारती कालबाह्य असून त्यांची रचना बरे करण्यासाठी नव्हे, तर कोंडून सुरक्षित ठेवण्यासाठी झाली आहे, असा टेलर यांचा निष्कर्ष होता.

स्वातंत्र्यानंतर खाटा वाढल्या. किल्पॉकच्या मंजूर खाटा १,८०० झाल्या. महाराष्ट्राच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी येरवड्यात २,५४०, ठाण्यात १,८५०, नागपुरात ९४० आणि रत्नागिरीत ३६५ खाटा मंजूर झाल्या. संख्या वाढली तरी आत आलेला माणूस बाहेर जाण्याची गती वाढली नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ‘निम्हान्स’च्या साहाय्याने ३७ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात अनेक ठिकाणच्या उंच भिंती, कोठड्या आणि कुलूपबंद कक्ष यांचे वर्णन आहे. टेलर यांच्या अहवालाला त्या वेळी अर्धशतक उलटून गेले होते.

मधल्या काळात काहीच घडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सर्वांत महत्त्वाचा बदल पंजाबातून आला. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांना राहण्याची सोय केली. आजार म्हणजे काय, औषध कसे द्यायचे, माणूस सुधारतो कसा, हे घरच्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि मग ते त्याला घेऊन गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही त्याच दशकात कुटुंबासह राहण्याच्या पद्धतीचा अवलंब केला. ही कल्पना विलायतेहून आलेली नव्हती. ती येथील कुटुंबव्यवस्थेतून सुचलेली आणि कमी खर्चाची होती. तरीही मोठ्या सरकारी इस्पितळांनी ती सार्वत्रिक केली नाही, ही या इतिहासातील मोठी चुकलेली संधी होय.

किल्पॉकमध्ये हा विचार रुजविण्याचे श्रेय डॉ. शारदा मेनन यांच्याकडे जाते. देशातील पहिल्या महिला मानसोपचारतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. १९६१ मध्ये त्यांनी या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली आणि १९७८ पर्यंत सांभाळली. बाह्यरुग्ण विभागावर त्यांनी भर दिला. दाखल न होता औषध मिळाले, तर घर सुटत नाही आणि घर सुटले नाही तर परतीचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्यामागील साधे तर्कशास्त्र होते. पन्नाशीच्या दशकात नवी औषधे आल्यामुळे ते शक्यही झाले होते. निवृत्तीनंतर १९८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने चेन्नईत ‘स्कार्फ’ ही स्किझोफ्रेनियाविषयी काम करणारी संस्था स्थापन झाली. त्यांना १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

भिंत नसलेला तुरुंग

सरकारी मनोरुग्णालयात जाण्याची भीती आणि लाज एवढी मोठी होती की, हजारो कुटुंबांनी दुसरी वाट धरली. ती वाट दर्ग्यांकडे, मंदिरांकडे आणि त्यांच्या परिसरातील खासगी आश्रमांकडे जात होती. रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथील दर्ग्याच्या परिसरात असे अनेक आश्रम होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तेथील एका आश्रमाच्या गवती छपराला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला.

सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. असे आश्रम बंद करण्यात आले आणि परवान्यांची तपासणी देशभर सुरू झाली. एरवाडीचा दोष केवळ अंधश्रद्धेवर टाकणे सोपे आहे. परंतु तेथे माणसे आणून सोडणाऱ्या अनेकांनी आधी डॉक्टरांचे उंबरे झिजविलेले असतात, पैसे संपलेले असतात, घरी सांभाळणारे कोणी उरलेले नसते. एकीकडे पोलिसांच्या दारातून प्रवेश देणारे इस्पितळ आणि दुसरीकडे साखळी घालणारा आश्रम, यांच्यामध्ये गावपातळीवर काही उभे राहिले नव्हते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला होता. पण तो मोजक्याच जिल्ह्यांत होता.

कायद्याने दिलेले घर

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचा झटका देण्यासही मनाई आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील कलम १९ अधिक महत्त्वाचे आहे. मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने तिला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे हे कलम सांगते. अशा व्यक्तींसाठी समाजातच निवासाची सोय करण्याची जबाबदारी ते सरकारवर टाकते. १७९४ पासून न सुटलेला पेच या एका कलमात कायद्याच्या भाषेत मांडला गेला.

प्रत्यक्षातील चित्र न्यायालयासमोर आधीच आले होते. बरे होऊनही मनोरुग्णालयात अडकलेल्या रुग्णांविषयी गौरवकुमार बन्सल यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये आदेश दिला आणि पुनर्वसनाच्या मार्गदर्शक सूत्रांची अंमलबजावणी करण्यास राज्यांना सांगितले. त्यापुढची घटना महाराष्ट्राला भूषणावह नाही. अशा रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविण्याचा मार्ग राज्यात अवलंबिला जात असल्याचे निदर्शनास येताच सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये तो तत्काळ थांबविण्याचा आदेश दिला. चाळीस वर्षांची, आजारातून सावरलेली स्त्री वृद्धाश्रमात पाठविली, तर इस्पितळाच्या नोंदवहीतील एक खाट मोकळी होते. त्या स्त्रीचे पुनर्वसन होत नाही. आकडा कमी झाला की काम झाले, ही सरकारी खात्यांची सवय येथेही आड आली.

महाराष्ट्रात वेगळे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी पोहोचविण्याचे काम डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी ‘श्रद्धा’ या संस्थेतून कर्जतजवळ उभे केले. डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाचा अनुभव असा की, शोध घेतला तर पुष्कळदा घर सापडते आणि दारात उभा राहिलेला माणूस पाहून घरचे रडतात, दार लावून घेत नाहीत. मात्र घर सापडत नाही किंवा उरलेच नाही, अशांचे काय, यावर चेन्नईच्या ‘द बन्यन’ने उत्तर शोधले. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये रस्त्यावरील स्त्रियांसाठी सुरू केलेल्या या संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ हा उपक्रम हाती घेतला. त्यात चार-पाच जणी मिळून सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात राहतात. मदतीला एक कार्यकर्ती असते. बाजारहाट, स्वयंपाक, शेजाऱ्यांशी बोलणे-भांडणे हे सर्व त्या स्वतः करतात. ज्या शहराने मनोरुग्णांना प्रथम पुरसवाक्कमला आणि नंतर किल्पॉकला पाठविले, त्याच शहरातील ही गोष्ट आहे.

इस्पितळे सरसकट बंद करावीत, हा यावरील उपाय नव्हे. अमेरिकेत १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. पुढील काही दशकांत ती वेगाने रिकामी करण्यात आली; परंतु गावोगावी उभारावयाच्या सेवांसाठी पुरेसा पैसा आला नाही आणि कितीतरी रुग्ण पदपथांवर आणि तुरुंगांत पोहोचले. इटलीने १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालये हळूहळू बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या चळवळीचे प्रणेते डॉ. फ्रांको बसाग्लिया यांनी त्रिएस्ते शहरात आधी चोवीस तास उघडी असणारी वस्तीतील केंद्रे, घरे आणि रुग्णांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या आणि मग इस्पितळ रिकामे केले. दोन देशांच्या निष्पत्तीतील फरक या क्रमामुळे पडला. १९७८ हेच मद्रासच्या इस्पितळाचे नाव बदलण्याचे वर्ष, हा केवळ योगायोग.

जमिनीला गिऱ्हाईक आहे

एकेकाळी गावाबाहेर असलेल्या या आवारांची किंमत आता कोट्यवधींत आहे. मुंबईच्या जुन्या इस्पितळाचे स्थान कुलाब्याला होते. १८३८ मध्ये कॉजवे होण्यापूर्वी कुलाबा मुंबईपासून पाण्याने तुटलेले होते. पुढे शहर तेथवर पोहोचले आणि रुग्ण ठाण्याच्या नौपाड्यास गेले. आता ठाणे शहर वाढले आहे. ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यानचे नवे रेल्वे स्थानक मनोरुग्णालयाच्या सुमारे पंधरा एकर जागेवर व्हावयाचे आहे. त्याच्या आड येणारी न्यायालयीन स्थगिती २०२३ मध्ये उठली. ठाणे स्थानकावरील गर्दी ज्याने अनुभवली आहे तो या स्थानकाला विरोध करणार नाही. मात्र ही जमीन ज्यांच्यासाठी राखलेली होती, त्यांच्या वाट्याला त्या बदल्यात वस्तीतील किती घरे येणार, हे विचारणे गैरवाजवी ठरत नाही.

ते विचारण्यासाठी आता एक अधिकृत जागा आहे. २०१७ च्या कायद्यानुसार जिल्हा किंवा जिल्हासमूहासाठी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळे नेमावयाची आहेत. जिल्हा न्यायाधीश किंवा न्यायिक सेवेतील अधिकारी अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक अन्य डॉक्टर आणि दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी, अशी त्यांची रचना आहे. स्वतःच्या संमतीने दाखल न झालेल्या रुग्णाला तीस दिवसांपलीकडे ठेवायचे असल्यास मंडळाची परवानगी लागते. रुग्ण स्वतःही मंडळाकडे अर्ज करू शकतो. डाल्टनच्या इस्पितळातील ५४ जणांपैकी कोणालाही तसे करता येत नव्हते.